न भाजलेली माती

तुम्ही खोटं बोललात, साहेब. आणि तेही माझ्या बोटांवरचा डिंक वाळायच्या आत, माझ्याच टेबलाशी उभं राहून.

तुमच्या हातात पेन होतं, टोपण न काढलेलं. ते तुम्ही मॉडेलवर मालधक्क्याच्या मागे, सिग्नलच्या खांबाजवळ टेकवलंत आणि विचारलंत, "ही रेघ कसली?"

"पायवाट आहे," मी म्हणाले.

"कसली पायवाट?"

"लोकांची. रूळ ओलांडून दवाखान्याकडे जायची."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मिस्त्रींकडे बघितलंत, कारण कारखाना त्यांचा. "तिथे अशी वाट कधीच नव्हती. आमच्या रेकॉर्डला तसं आहे. काढून टाका."

"काढतो साहेब," मिस्त्री म्हणाले. "गवत टाकलं की झालं. संध्याकाळपर्यंत होतंय."

"आणि हे दोन तुकडे?"

"नाल्यावरचे स्लीपर, रुळाखाली घालतात ते लाकडी ओंडके," मीच बोलले. मिस्त्रींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी बोलले. "तुमच्याच गँगच्या माणसांनी टाकले होते. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून."

"बाई, हे स्टेशनच्या शंभरीचं मॉडेल आहे. लोक हौसेने बघायला येणार. तुमच्या मनातलं काहीबाही त्यात घालू नका."

आणि तुम्ही निघालात. जाताना तुमचा बूट माझ्या चाळणीला लागला, थोडी माती त्याला चिकटली, ती तुम्ही दारातल्या पायपुसण्यावर घासलीत. ती माती कुठली होती हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही एवढ्या सहज घासली नसतीत, असं मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

तुम्ही थांबला नाहीत, म्हणून हे लिहिणं. मला लिहायची सवय नाही. शाळा मी लवकर सोडली आणि नंतर जे हाती येईल ते वाचत गेले, तेवढंच. तेव्हा इथे गोड शब्द सापडणार नाहीत.

माझं काम जमिनीचं. मॉडेलमधले रूळ मिस्त्री बसवतात, स्टेशन, पूल, घरं तेच कापतात. वायरमन येतो, दिवे लावून गाड्या फिरवून देतो. एवढं सगळं झालं की मधे जे उघडं राहतं ते माझ्या वाट्याचं. कारखान्यात मला गवतवाली म्हणतात. बघायला येणाऱ्याला इंजिन दिसतं, बोगद्यातून गाडी बाहेर आली की पोरं नाचतात. जमिनीकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण जमीन खोटी झाली तर अख्खं मॉडेल खेळण्यातलं दिसायला लागतं, आणि कशामुळे ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

नवखा माणूस सगळीकडे हिरवं फासतो. मी सुरुवात केली तेव्हा मीही फासलं होतं, आणि मिस्त्री म्हणाले होते, "बाई, हे स्टेशन आहे की बिलियर्डचं टेबल?" खरी जमीन आधी मातकट असते, मग करडी. रुळाच्या कडेने गंजाची तांबूस पूड, दोन रुळांच्या मधे तेलाचे काळे डाग, खडी संपते तिथे राख आणि कचरा. हिरवं त्यानंतर, कुठे कुठे, नाइलाजाने आल्यासारखं. म्हणून मी आधी प्लास्टरवर मातीचा रंग देते, त्यावर बारीक चाळलेली माती, मग वाळवलेला चहाचा चोथा आणि रंगवलेला भुसा भुरभुरते. पाण्यात पातळ केलेल्या डिंकात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे तो गोळा होऊन बसत नाही, खाली झिरपतो. ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. सगळ्यात शेवटी गवत. ते नायलॉनच्या तंतूंचं असतं. एका चाळणीला वीज जोडलेली असते, त्यातून तंतू पडले की ओल्या डिंकात ताठ उभे राहतात, थंडीत स्वेटर काढताना केस उभे राहतात तसे.

पायवाट मात्र रंगवून होत नाही. रंगवलेली पायवाट शाळेच्या नकाशातल्या रस्त्यासारखी दिसते. ती गवत पेरायच्या आधीच सोडावी लागते. तेवढ्या पट्ट्यावर प्लास्टरची पूड आणि घट्ट डिंक घालून चमच्याच्या पाठीने दाबत जायचं, दाबत जायचं, जणू माणसं चालून चालून ती घट्ट झाली. मधोमध फिकट धूळ. कडेचं गवत आखूड, कारण कडेवरही पाय पडतात. आणि ती सरळ काढायची नाही. माणूस सरळ चालत नाही. तो डबकं टाळतो, काटा टाळतो, सावलीकडे जरा झुकतो.

ही पायवाट मी बघून काढली नाही. मी तिच्यावरून चालले होते.

माझी ताई दवाखान्यात नर्स होती. घर रुळांच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. मधे पादचारी पूल होता. तुम्ही तो दुरुस्तीला काढलात, पायऱ्या उतरवून नेल्यात, वर फळ्या ठोकल्यात आणि विसरलात. मोठ्या फाटकावरून फिरून जायचं तर पोचेपर्यंत ड्यूटी संपायची वेळ यायची, असं ताई म्हणायची. म्हणून सगळं गाव मालधक्क्यामागून जायला लागलं. भाजीवाले, दवाखान्याचे झाडूवाले, डबे पोचवणाऱ्या बायका, तुमच्या बुकिंग ऑफिसातले कारकूनसुद्धा. जिथे इतकी माणसं चालतात तिथे गवत राहत नाही. तुमच्या गँगने नाल्यावर स्लीपर टाकले. तुमच्या मुकादमाने ताईला एकदा हात देऊन नाला ओलांडायला मदत केली होती, ती घरी येऊन सांगत होती, "अगं, काय पकड त्याची, मनगट सुजलं."

मग ती धुक्याची सकाळ. मालगाडी गेली म्हणून ताई निघाली, आणि बाजूच्या रुळावरून एकटं इंजिन उलटं येत होतं.

स्लीपर दुसऱ्याच दिवशी गेले. आठवडा पालटायच्या आत भिंत उभी राहिली. ज्यांच्या हातून पूल वर्षानुवर्षं होत नव्हता त्या तुमच्या खात्याने भिंत किती चटकन बांधली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. भिंतीच्या आतल्या जागेवर लॉन आणून अंथरलंत, गालिचा अंथरतात तसं गुंडाळ्या सोडून. आणि त्यानंतर चौकशीचा कागद आला. मयत व्यक्तीने अनधिकृत प्रवेश केला. सदर ठिकाणी पायवाट अस्तित्वात नाही.

ज्या दिवशी ते लिहिलंत त्या दिवशी ते खरंच असेल. तुम्हीच पुसून बसला होतात ना.

तेव्हा भाची चार वर्षांची. ताई तिला रुळांच्या आसपास फिरकू देत नसे, त्यामुळे तिने ती वाट कधी पाहिलेलीच नाही. भावोजी शिंपी. मशीनवर बसतात आणि मान खाली घालून शिवतात. तो कागद त्यांनी कपाटात ठेवला आणि विषय बंद केला. मी काही बोलले की म्हणायचे, "सोड ना आता. पोर वाढवायचीय."

पोर वाढली. यंदा तिच्या शाळेत तुमच्या खात्याचा माणूस आला, सुरक्षेवर बोलायला. नियम न पाळणाऱ्यांचं काय होतं हे सांगताना त्याने या गावातली गोष्ट सांगितली. नर्सची. नाव घेतलं नाही म्हणे, तेवढं सौजन्य दाखवलं. अख्खा वर्ग हिच्याकडे वळून बघायला लागला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तर ती दप्तर न काढता उभी होती. भावोजी कापड कापत होते.

"बाबा, आईला एवढी घाई कसली होती?"

"कसली घाई?"

"फाटकावरून का नाही गेली मग? सगळे जातात ना फाटकावरून."

"तेव्हा सगळे तिकडूनच जायचे, बाळा. वाट होती तिथे."

"नव्हती. लिहिलंय ना कागदावर. मी वाचलाय तो. आणि मी भिंतीपाशी जाऊन बघूनही आले. लॉन आहे नुसतं." मग माझ्याकडे वळून, अगदी मोठ्या बाईसारखी, "मावशी, तुम्ही सगळे तिची बाजू घेता. घ्याच. पण मला खोटं नका सांगू."

भावोजींची कात्री कापडात तशीच थांबली होती.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठते, चालताना थांबते, बोटांवर डिंक नसला तरी बोटं चोळत राहते. त्याच सुमाराला तुमच्या शंभरीच्या मॉडेलचं काम आमच्याकडे आलं. स्टेशन जुन्या काळात जसं होतं तसं, तुमच्याच पत्रातले शब्द. पूल, मालधक्का, नाला, सगळं. मी मिस्त्रींना म्हटलं, मालधक्क्यामागची जमीन मला द्या. ते म्हणाले, "सगळी जमीन तुझीच आहे की, जमीनदारीण." आणि भाचीला मी म्हटलं, "उद्घाटनाला ये. आई कुठून जायची ते दाखवते. माझ्या हाताने केलंय म्हणून नाही, तसं होतं म्हणून दाखवते."

"बघू," ती म्हणाली. आजकाल ती सगळ्यालाच बघू म्हणते.

मला तिथलीच माती हवी होती. रंग जुळवता आला असता, डबेच्या डबे भरून ठेवलेत माझ्याकडे. पण मला तीच हवी होती. भावोजींना म्हटलं, सुट्टीच्या दिवशी सकाळी चला माझ्याबरोबर. ते येणार नाहीत असं धरून चालले होते. आले.

भिंतीला मालधक्क्याच्या बाजूने एक फट आहे, पाइपसाठी ठेवलेली. तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही कशाला तिकडे जाताय. मी आत शिरले. भावोजी बाहेर पाळत ठेवून.

"आता मेहुणीबरोबर मातीचोर म्हणून पकडला जाणार मी," ते म्हणाले. "लोक काहीतरी चांगलं चोरतात."

"गप्प बसा आणि कोणी येतंय का बघा."

"कोण येणार इथे? साहेबांच्या लॉनवर कुत्रं पण मुतत नाही."

ते असं बोलले आणि मला हसू आलं. किती वर्षांनी आलं कोण जाणे. लॉनची कडा उचलून मी खालची माती खुरप्याने पिशवीत भरली. गांडुळं, काड्या, मुळं, सगळ्यासकट. वर बघितलं तर भावोजी फटीतून आत आलेले. पावलं मोजल्यासारखे ते लॉनवरून चालले, एका जागी थांबले.

"इथे वळायची," ते म्हणाले.

"हो. झुडूप होतं काटेरी."

"तिचा कोट अडकायचा त्यात. रोज. रोज अडकायचा आणि रोज शिव्या द्यायची झुडपाला. मी अलीकडे, घराच्या बाजूच्या त्या कोपऱ्यावर उभा असायचो. तिची छत्री नाल्याच्या पलीकडे दिसली की वळायचो घरी." मग म्हणाले, "त्या दिवशी धुकं होतं. छत्री दिसलीच नाही. मला वाटलं, धुक्यामुळे दिसली नाही. मी वळलो."

मी पिशवीचं तोंड बांधलं. परत येताना ते पिशवी माझ्या हातात देईनात. एवढीशी पिशवी, छातीशी धरून चालत होते.

आता माझी चूक सांगते, तुम्हाला आयती मिळू दे. बाहेरची माती आणली की ती आधी भाजायची असते. आमच्याकडे जुनी पावाची भट्टी आहे, त्यात पसरून चांगली तापवायची, म्हणजे अळ्या, अंडी, बी-बियाणं जे काही असेल ते मरतं. हा कारखान्यातला पहिला धडा आहे. पण भाजली की मातीचा रंग बदलतो. तांबूस होते, मेल्यासारखी दिसते. मी चिमूटभर भाजून पाहिली आणि मला तो रंग सहन झाला नाही.

मिस्त्रींनी विचारलं, "भाजलीस ना?"

"हो."

"धूर आला नाही भट्टीतून."

"सकाळीच आटोपलं. तुम्ही यायच्या आधी."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग रूळ घासायला लागले.

तर तुम्ही आलात त्या दिवशी, तुमची गाडी गेल्यावर मिस्त्रींनी दार लावून घेतलं.

"ऐक," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीचं झालं ते वाईट झालं. मी नाही म्हणत नाही. पण तुझं दुःख माझ्या टेबलावर पेरू नकोस."

"दुःख नाही पेरलं. जमीन केलीय. पत्रात लिहिलंय, जसं होतं तसं."

"पत्र त्यांनीच लिहिलंय, जसं होतं म्हणजे कसं ते पण तेच ठरवणार. इथे चार माणसं काम करतात. वायरमनची बायको बाळंत व्हायचीय. काय सांगू त्याला, गवतवालीने गवत टाकायचं नाही म्हटलं म्हणून काम गेलं?"

"मी नाही झाकणार ती."

"नको झाकूस. मी झाकतो."

आणि त्यांनी झाकायला घेतलं. आधी चिमट्याने दोन्ही स्लीपर उचलून टेबलाच्या कडेला ठेवले. काडेपेटीच्या काडीचे तुकडे ते, तासून, तेलकट काळे केलेले, तांदळाच्या दाण्याएवढे. मी ते एप्रनच्या खिशात टाकले. मग पायवाटेवर डिंक फासून मिस्त्रींनी गवताची चाळणी घेतली. रुळांच्या कामात हा माणूस देव आहे, पण गवत त्यांनी जन्मात पेरलेलं नव्हतं. एकाच डब्यातलं, एकाच लांबीचं, पोपटी गवत. धपकन. बघता बघता दवाखान्याकडच्या उतारावर हिरवी सुरवंटासारखी रांग पडली.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. परत आले. पुन्हा खिडकीशी गेले.

"चाळणीची विजेची तार नीट लावा," मी तिथूनच म्हणाले. "आडवं पडतंय सगळं."

"लावलीय."

"डिंक जास्त झालाय. आणि तो रंग तिथे नाही चालणार, बाजूला वाळलेलं गवत आहे."

"मग तू कर ना," ते ओरडले.

आणि मी केलं, साहेब. हे लिहून ठेवा तुमच्या रेकॉर्डला. ते घाणेरडं गवत मला बघवलं नाही. मी त्यांच्या हातून चाळणी घेतली, त्यांचं काम खरवडून काढलं, तीन रंगांचे तंतू मिसळले, कडेला सुतळीचे धागे कापून वाळकं गवत उभं केलं आणि माझ्या बहिणीची पायवाट अशी झाकली की तिथे कधी काही होतं अशी शंकासुद्धा कोणाला येऊ नये. माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते. हात धुतले तेव्हा बेसिनमधे हिरवं पाणी वाहत होतं आणि मिस्त्री मागे उभे राहून म्हणाले, "चहा घेतेस?" मी घेतला नाही.

मॉडेल त्याच रात्री टेम्पोत घालून तुमच्या हॉलमधे नेलं. डिंक अजून ओला होता. निदान दोन दिवस उघडं ठेवा म्हणून मी निरोप दिला होता. तुमच्या लोकांनी लगेच वर काच बसवली, धूळ नको म्हणून, आणि आत दिवे लावून ठेवले, बघायला येणाऱ्या मोठ्या साहेबांसाठी. ते बघून गेल्यावर वर कापड टाकलं, दिवे आत तसेच राहिले, आणि उद्घाटन पुढच्या आठवड्यात. ओल, ऊब आणि उजेड. शेतकरीसुद्धा एवढी सोय करत नाही बियाण्याची.

उद्घाटनाला भाची आली. भावोजी इस्त्रीच्या शर्टात, ती शाळेच्या गणवेशात, कारण दुसरे कपडे घालायला तिने नकार दिला होता. मी तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते, झाकली म्हणून? तुमची भाषणं झाली. फीत कापली. कापड ओढलं. आणि लोक हसायला लागले.

मालधक्क्यामागे रान उगवलं होतं. पांढुरके, बारीक, लांबुडके कोंब, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन पानं. सिग्नलच्या खांबापेक्षा उंच. एक कोंब मालगाडीच्या डब्यात डोकावत होता. एका कोंबाने तिकीटघराचा पत्रा उचलला होता. कोणाचं तरी पोर म्हणालं, "राक्षसाचं गवत." तुमच्या शेजारचे मोठे साहेबही हसले, मग तुमचा चेहरा बघून थांबले.

मिस्त्री माझ्या कानाशी आले. "भाजली होतीस ना?"

"नाही."

"मला भाजली म्हणालीस."

"म्हणाले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मला भाची दिसली. गर्दीतून घुसून ती काचेला नाक लावून उभी होती. तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरत होती, ती बाहीने पुसत होती आणि परत बघत होती. मी तिच्या मागे गेले.

"मावशी, इथे उगवलं नाहीये."

"कुठे?"

"हे बघ. इकडे उगवलंय, तिकडे उगवलंय, आणि मधे नाही."

मी वाकले. प्लास्टरची पूड आणि घट्ट डिंक, चमच्याच्या पाठीने इतका दाबलेला पट्टा. त्यातून कोंब कुठला फुटणार. माझं छान गवत त्यावर होतं, पण दोन्ही बाजूंनी रान उभं राहिल्यावर ते गवत वाटत नव्हतं. खोलगट दिसत होतं, चालून चालून झालेलं असावं तसं. एकदोन कोंब तिथेही आले होते, खोटं कशाला बोलू. पण रेघ दिसत होती. मालधक्क्यापासून रुळांवरून नाल्यापर्यंत.

"सरळ का नाही ही?" भाचीने विचारलं. "इथे वाकडी का होते?"

उत्तर भावोजींनी दिलं. ते कधी येऊन उभे राहिले मला कळलं नव्हतं. "तिथे झुडूप होतं. तुझ्या आईचा कोट अडकायचा."

"रोज?"

"रोज. शिव्या द्यायची."

"काय शिव्या?"

"मोठी झालीस की सांगेन."

तिने बोट काचेवर ठेवलं आणि त्या रेघेवरून हळूहळू नेलं. वळणाशी बोट वळलं. रूळ ओलांडताना थांबलं, मग पुढे गेलं. नाल्याशी येऊन अडलं. "आणि इथे? उडी मारायची?"

मी एप्रनमधून काढून पर्समधे ठेवलेले ते दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवले. ती बघत राहिली. तळहात बंद केला.

मग माइकवर तुमचा आवाज आला. तांत्रिक कारणामुळे मॉडेल थोडा वेळ बंद राहील. दोन माणसांनी पुन्हा कापड टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मिस्त्रींना बोलावून घेतलंत. ते मला म्हणाले, "तू येऊ नकोस." चिमटे आणि कात्री घेऊन एकटेच गेले. परत आले तेव्हा दुपार टळली होती. चिमटे टेबलावर ठेवून स्टुलावर बसले.

"निघत नाही," म्हणाले. "मुळं प्लास्टरपर्यंत गेलीत. उपटलं की जमिनीचा पापुद्राच वर येतो. वरून कापून आलोय. साहेबांना म्हटलं, परत येईल. ते म्हणाले, मग परत कापा."

मी चाळण्या धूत होते.

"गवतवाले," मिस्त्री म्हणाले. "मी गेलोय त्या वाटेने. आई दवाखान्यात होती तेव्हा. सकाळ-संध्याकाळ जायचो. त्या स्लीपरवर एकदा घसरून पडलोही होतो."

माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. "आणि तुम्हीच झाकायला निघालात?"

"हो."

"चौकशीच्या वेळी का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं?" ते म्हणाले. मग उठले आणि भट्टी पेटवायला गेले, दुसऱ्या कामाची माती भाजायची होती.

मला अजून काढलेलं नाही. तुमचं पत्र येईल तेव्हा काढतील, मिस्त्री तसं सांगून बसलेत आणि मी त्यांना दोष देत नाही. ते दोन तुकडे भाचीने कंपासपेटीत ठेवलेत. काल ती कारखान्यात आली, माझ्या टेबलाशी उभी राहिली, शाळेतून येताना पळत आली होती म्हणून धापा टाकत होती. आल्या आल्या तिने मला एक प्रश्न विचारला. मी म्हटलं, हा मला नको विचारूस, मी साहेबांना विचारते. उत्तर घेऊन येते.

साहेब, तिची आई आजारी असली, ताप असला, पाऊस असला तरी एक दिवसही कामावर उशिरा पोचली नाही, असं दवाखान्यातले लोक तिला सांगतात. पूल तुम्ही काढलेला होता. पायवाट, तुम्ही म्हणता, नव्हती. मग ती रोज पलीकडे पोचायची कशी?

पोर विचारते आहे. सांगा.